डोंबिवली ते केदारकंठा : एका जाकिटाची खरेदी

मैत्रिणींनो, आपल्या ठाणे-डोंबिवलीकडची थंडी ती काय! जानेवारीतल्या चार-सहा पहाटा पंखा एकवर येतो, सकाळच्या लोकलला बायका शाल गुंडाळून येतात, स्टेशनबाहेर स्वेटरवाले मांडून बसतात आणि "यंदा कडाक्याची पडलीय हो!" असं आपण एकमेकींना सांगतो, तेव्हा पारा असतो पंधरा-सोळा अंशांवर. अशा गावात राहून शून्याखाली आठ-दहा अंशांत घालायचं जाकीट निवडायचं, म्हणजे पाहुण्याला न बघताच त्याच्या मापाचा सदरा शिवण्यासारखं. पण हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी हिमालयात जाऊ लागल्या आहेत. कुणी निवृत्तीनंतर, कुणी मुलं मोठी झाल्यावर, तर कुणी मुलांना आजीकडे ठेवून. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

मागे एका डिसेंबरात आम्ही अकराजणी केदारकंठ्याला गेलो. उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात हे साडेबारा हजार फुटांचं शिखर आहे. आपली कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याच्या निम्मीसुद्धा नाही. मात्र गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या माणसालाही ऐन हिवाळ्यात, बर्फातून हे शिखर चढता येतं. तयारीसाठी आम्ही दर रविवारी पायपीट करत होतो. कधी ठाण्याला येऊरचं जंगल, कधी कल्याणजवळचा मलंगगड आणि शेवटी आसनगावचा माहुली. माहुली चढताना घामाने इतक्या निथळलो, की थंडीचे कपडे हा शब्दसुद्धा नको वाटला!

मोहीम नेणाऱ्यांनी सामानाची यादी दिली होती. लोकरी टोपी, हातमोजे, जाड पायमोजे इथपर्यंत सगळं कळलं. खाली लिहिलं होतं, 'डाऊन जाकीट, एक'. चौकशी केली तर बऱ्यापैकी जाकिटाची किंमत सहा-सात हजारांच्या घरात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाच दिवसांसाठी?" त्यांचंही चुकत नव्हतं. मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते; तो जवळजवळ माझा महिन्याचा पगार. शिवाय खर्च स्वतःसाठी असला की आपला हात जरा जास्तच आखडतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. म्हणून ठरवलं, घ्यायचं की नाही ते नंतर पाहू, आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ.

तर डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसबदकाच्या छातीवर, मोठ्या पिसांच्या खाली जी मऊ लव असते ती. हिला पिसासारखी मधली काडी नसते. म्हातारीच्या कापसासारखा तिचा प्रत्येक कण चहूबाजूंनी फुललेला असतो. लहानपणी आजीकडे सावरीच्या कापसाची उशी असायची, आठवतं? उचलली तर वजन नाही आणि डोकं टेकलं तर ऊब. तीच युक्ती इथे. ऊब त्या लवेत नसते, तिच्यात अडकून बसलेल्या हवेत असते. हवा हलली नाही, की ती शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे जाकीट ऊब देत नाही, आपलीच ऊब आपल्यापाशी राखतं. हे एकदा मनात पक्कं बसलं, की दुकानातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

या जाकिटाचा महाराष्ट्राशी एक गमतीचा संबंध आहे. १९२२ साली इंग्रजांची मोहीम एव्हरेस्टवर गेली, तेव्हा बहुतेक सगळे लोकरी कपडे आणि ट्वीडचे कोट घालून चढत होते. जॉर्ज फिंच नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मात्र आकाशात उडवायच्या फुग्यांचं कापड घेतलं, त्यात आयडर बदकाची लव भरली आणि स्वतःसाठी कोट करवून घेतला. बाकीच्यांनी आधी त्याची थट्टा केली. वर गारठ्यात गेल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटू लागला. फिंच आणि जेफ्री ब्रूस त्या वर्षी २७,००० फुटांच्याही वर पोहोचले. हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते! ज्याने एव्हरेस्टवर पहिला लवेचा कोट नेला, तो माणूस पुण्याला पाच वर्षं राहून गेला आणि आपल्याला पत्ताही नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. १९७५ साली जपानच्या जुन्को ताबेई एव्हरेस्टवर पोहोचल्या, जगातली पहिली स्त्री. घरी तीन वर्षांची मुलगी. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या तर, बायकांनी घरी मुलं सांभाळावीत, असं ऐकून घ्यावं लागलं. मग त्या आणि त्यांच्या मैत्रिणींनी चीनमधून लव मागवून झोपायच्या पिशव्या घरीच शिवल्या. मोटारीच्या आसनांच्या जुन्या कापडातून हातमोज्यांवरची वेष्टणं केली. शिवणाचं यंत्र ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वाचून बरं वाटेल.

आता दुकानात चला. पहिली गंमत अशी, की ठाण्यातल्या दुकानात प्रत्येक जाकीट उबदारच वाटतं. दोन मिनिटांत मानेवर घाम येतो आणि विक्रेता म्हणतो, "बघा मॅडम, किती गरम!" तो पुरावा धरू नका. आपल्या हवेत गोणपाटही गरम होईल.

लेबलावर ६००, ७००, ८०० असा एखादा आकडा असतो. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव फुलून किती घन इंच जागा व्यापते, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त हवा अडकणार. कापूस चांगला पिंजला की गादी कशी वर येते, तसं. पण नुसत्या आकड्याला भुलू नका. आत लव भरलीय किती, तेही विचारा. ८०० आकड्याची मूठभर लव घातलेल्या पातळ जाकिटापेक्षा ६०० ची भरपूर लव असलेलं जाकीट कितीतरी उबदार. हे म्हणजे केशर उत्तम, पण पातेलंभर दुधात दोनच काड्या! बरीच पिसं मिसळलेली असतील तर कापड चिमटीत धरल्यावर टोचणाऱ्या काड्या लागतात. जाकीट मुठीत घट्ट दाबून सोडा. चांगली लव हळूहळू पुन्हा फुगते, हलकी चपटी राहते.

मग शिवण बघा. इथे आपल्याला कुणी शिकवायला नको. गोधडीला धावदोरा घालतो तिथे वरचं आणि खालचं कापड एकमेकांना चिकटतं आणि जाडी संपते. साध्या जाकिटाला अशाच आरपार शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीतून थोडीथोडी ऊब निसटते. भारी जाकिटात दोन कापडांमध्ये कापडाचीच उभी भिंत घालून डब्यासारखे कप्पे करतात, म्हणजे शिवणीपाशीही जाडी राहते. एव्हरेस्टला जाणाऱ्यांना ते हवंच. आमच्यासारख्यांना आरपार शिवणीचं पुरतं, वरून वारा अडवणारा कोट असला म्हणजे झालं.

माप घेताना आत स्वेटर घालूनच बघावं. जाकीट आवळून बसलं की लव दबते, हवा निघून जाते आणि पैसे वाया. हात वर करून बघा, पाठ उघडी पडता कामा नये. बरीच जाकिटं पुरुषी मापाची असतात. छातीला सैल आणि कंबरेखाली अडतात. बायकांच्या मापाचं आणि नितंब झाकणारं मागून घ्या, लाजू नका. रात्री दीड वाजता तंबूबाहेर जावं लागतं, तेव्हा या लांबीचं आणि खालूनही उघडणाऱ्या चेनचं मोल कळतं. टोपी जाकिटालाच हवी. आणि चेन हातमोजे घालून ओढून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

आमच्यातल्या दोघीजणी पक्क्या शाकाहारी. पक्ष्याची लव अंगावर नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची लव ओरबाडून काढत असत, ही गोष्ट खरी आहे. त्याला आळा बसावा म्हणून २०१४ पासून एक प्रमाणपत्र निघालं आहे आणि त्याची खूण लेबलावर पाहता येते. पण ज्यांना मुळातच नको, त्यांच्यासाठी कृत्रिम धाग्याच्या भरणाची जाकिटं मिळतात. ती थोडी जड, पिशवीत जागा अधिक खाणारी, पण स्वस्त. शिवाय त्यांचा एक मोठा गुण असा, की भिजली तरी थोडीफार ऊब टिकवतात. लव भिजली तर तिचा लगदा होतो आणि सहा हजारांचं जाकीट ओल्या पंच्याइतकंही कामाचं राहत नाही.

भिजायला पाऊसच लागतो असं नाही. ते आम्ही वर पाहिलं.

डेहराडूनहून सांक्रीला पोहोचायला मोटारीने अख्खा दिवस जातो. मसुरी, पुरोला, मोरी, मग टोन्स नदीच्या कडेने वर. सांक्री साधारण साडेसहा हजार फुटांवर. लाकडी घरं, देवदारांची दाटी आणि रस्त्याकडेच्या दुकानांतून भाड्याने टांगलेली जाकिटं! पुढे जुडा का तालाबपाशी मुक्काम. काठावर बर्फ, झाडांवर बर्फ, आणि सूर्य डोंगराआड गेला की पाच मिनिटांत बोटं बधिर. संध्याकाळी चहाचा पेला हातात घेऊन उभं राहायचं, तीच जाकिटाची खरी वेळ. चालताना नव्हे. हे आमच्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चालताना पातळ कपडे, थांबलं की लगेच जाकीट.

शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघालो. डोक्याला विजेऱ्या, बुटांना लोखंडी काटे. आमच्यातल्या एक बावन्न वर्षांच्या वहिनी गारठ्याला घाबरून जाकीट घालूनच चढू लागल्या. वाटाड्याने दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. दोन तासांनी एका उघड्या धारेवर थांबलो, वारा सुटलेला, आणि वहिनींना हुडहुडी भरली. हातमोज्याचा बंदही बांधता येईना. जीभ जड झाली, विचारलं त्याचं उत्तर भलतंच. आत घामाने बनियन चिंब, तोच ओलावा लवेपर्यंत गेलेला. अशा वेळी हसण्यावारी नेऊ नये बरं का. हुडहुडी थांबून माणूस शांत झाला तर ते बरं वाटण्याचं नव्हे, जास्त धोक्याचं लक्षण असतं. वाटाड्याने वाऱ्याआड नेलं. आम्ही चौघींनी आडोसा धरून त्यांचा ओला बनियन काढला, कोरडा घातला, वर माझं जाकीट चढवलं, कारण ते पिशवीत कोरडं होतं. गरम साखरपाणी घोटघोट पाजलं. वीसेक मिनिटांनी त्या नीट बोलू लागल्या. शिखर तासाभरावर होतं. त्यांना तिथूनच एका मदतनिसाबरोबर खाली पाठवलं, माझ्या जाकिटासकट. मी दोन स्वेटर आणि वाऱ्याचा कोट यांच्यावर वर गेले. चालत होते तोवर ठीक होतं. वर मात्र स्वर्गारोहिणी, काळानाग, बंदरपूंछ असे सगळे डोंगर उन्हात झळकत असताना पाच मिनिटांपेक्षा जास्त उभी राहू शकले नाही. त्रिशुळाला नमस्कार केला आणि उतरले. वहिनी खाली तंबूत खिचडी खात बसल्या होत्या.

आता विचाराल, विकत घ्यावं की भाड्याने? माझं मत स्पष्ट आहे. एकदाच जाणार असाल तर भाड्याने किंवा मागून घ्या आणि ते पैसे चांगल्या बुटांवर आणि अंगालगतच्या लोकरी बनियनच्या दोन जोडांवर खर्च करा. सुती बनियन तेवढा नको, तो घाम धरून ठेवतो. भाड्याचं जाकीट मात्र आदल्या संध्याकाळीच घालून बघा. उजेडासमोर धरा, कुठे भरण खाली उतरून कप्पा रिकामा झालाय का ते दिसतं. दरवर्षी जाणार असाल तर खुशाल विकत घ्या. मी घेतलं ते याच हिशेबाने, आणि आतापर्यंत ते आमच्या इमारतीतल्या तिघींच्या अंगावर हिमालय बघून आलंय.

शेवटी निगा, कारण डोंबिवलीच्या दमट हवेत खरी परीक्षा तीच. शेकोटीजवळ जाकीट घालून बसू नये. एक ठिणगी आणि कापडाला भोक. पडलंच तर चिकटपट्टी लावा, नाहीतर लव उडत राहते. छोट्या पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका, लव कायमची दबते. कपाटात सैल टांगा किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला आणि पावसाळ्यात अधूनमधून कोरड्या दिवशी बाहेर काढा. धुवायचं ते एप्रिल-मेमध्ये. सौम्य साबण, कपडे मऊ करणारं औषध अजिबात नको, पिळायचं नाही. उचलताना दोन्ही हातांनी खालून उचला, पाण्याच्या भाराने आतल्या शिवणी तुटतात. मग स्वच्छ चादरीवर पंख्याखाली आडवं पसरा. पहिल्या दिवशी ते इतकं चपटं दिसेल, की पोटात गोळा येईल. दर दोन-तीन तासांनी उलटायचं आणि आतल्या गुठळ्या बोटांनी हलकेच मोकळ्या करायच्या. माझं तिसऱ्या दिवशी फुगू लागलं, आणि पुरतं कोरडं व्हायला चार दिवस लागले.