ओळखीची खूण : देवीचे वण



परवा बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सीन डेपोवर फिरताना एका मुलानं विचारलं, "काका, ह्याला डेपो का म्हणतात? बस तर एक दिसत नाही." हसू आलं. अहो, तिथं एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. वासरा-रेडकांच्या कातडीवर ती वाढवायची, मग खरवडून घ्यायची.

आमच्या लहानपणी निपाणीत "देवी डॉक्टर आला" अशी हाक उठली की पोरं तंबाखूच्या बोदांमागं. मी सापडलो. दंडावरचे वण अजून आहेत.

आत्या मात्र सापडली नव्हती. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. आजीनंच तिला लपवलं. देवी म्हणजे आईचा फेरा, त्याला सुईनं कसं अडवायचं? पुढं देवी आल्या. दारात निंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद. आत्या वाचली, पण एक डोळा गेला, चेहरा वणांनी भरला. लग्न जमलं नाही. जन्मभर विड्या वळल्या. आजीनं मरेपर्यंत तो विषय काढला नाही.

बी.कॉम. करून मी सत्तरच्या दशकात बँकेत लागलो. अंगठेबहाद्दर खातेदाराचा फोटो लावायचा आणि ओळखीच्या खुणा लिहायच्या. विडी कामगार बायकांच्या कितीतरी फॉर्मवर मी "चेहऱ्यावर देवीचे वण" असं न बघता लिहिलंय. एक दिवस आत्याच खातं उघडायला आली. पेन अडलं. मी "हनुवटीवर तीळ" लिहिलं.

"काय लिवलंस?"

सांगितलं.

"तीळ कुणाला दिसतोय? वण लिव्ह. खोटं हाय व्हय?"

खाडाखोड केली आणि बाजूला छोटी सही मारली. नियमच तसा.

एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला, १९८० मध्ये जग. नंतरच्या तरुण खातेदारांच्या फॉर्मवरून ती ओळ हळूहळू गेलीच.

आणि २०२२ मध्ये लम्पी आला. हा विषाणू देवीच्याच कुळातला, पण माणसाला होत नाही. माश्या, डास, गोचीड ह्यांच्यामार्फत जनावरांत पसरतो. जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीवरची लस गाईंना टोचत होते. पुतण्याच्या गोठ्यात दोन गाई, एक कर्जावरची. तो म्हणाला, "काका, टोचलं की दूध आटतंय म्हणत्यात." तेव्हा मी त्याला आत्याची सगळी हकीकत सांगितली. ऐकून घेतलं त्यानं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. पण तोवर कर्जावरच्या गाईच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, पाय सुजले होते. बाराव्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही. दुसरी वाचली.

पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, आठ दिस आधी सांगायचं की."

आठ दिवस आधी पेपरात लसीकरणाची बातमी मी वाचली होती. फोन केला नव्हता.