पाढे म्हणत चढलेला डोंगर

गणेशगुडी, ता. जोयडा
डिसेंबर

प्रिय वैजू,

तुझं पत्र पोचलं, आणि त्या धुक्यातल्या डोंगराचा फोटोही. त्यात डोंगर कुठला आणि धुकं कुठलं, ते मागे लिहायला हवं होतंस. मन्रोसाहेबांनी 1891 मध्ये तुमच्या स्कॉटलंडातल्या तीन हजार फुटांवरच्या माथ्यांची यादी काय केली, आणि तुम्ही मंडळी आजही त्या 282 माथ्यांमागे हात धुऊन लागला आहात. वर मला टोमणा, ‘जंगलात राहतेस, पण एकटीनं एखादा डोंगर चढलीस का?’

चढले बाई. परवाच. सकाळी निघाले, दिवेलागणीच्या आत परत.

डोंगराचं नाव मात्र सांगणार नाही. नाव कळलं की रील येतं, रीलमागून गाड्या, गाड्यांमागून चिप्सची पाकिटं. दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्यांचं काय झालं ते आठवतं ना? 2023 च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी त्यांना चक्क उठाबशा काढायला लावल्या होत्या. मला हसूही आलं आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुमच्याकडे 2003 च्या कायद्यानं जवळजवळ कुणाच्याही रानातून चालायचा हक्क दिलाय. इथे उलटं. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात. आधी त्याला दांडेली-अणशी म्हणत, 2015 पासून नदीचं नाव मिळालं. आत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि एकटीनं तर नाहीच. म्हणून मी निवडला तो हद्दीबाहेरचा, भातशेतीला लागून उठलेला डोंगर. तरी फॉरेस्टच्या गार्डला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं. त्यानं डोंगराबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, ‘मॅडम, खाली किती वाजता?’

तिथून पुढे माझ्या एकटेपणाचं पार खोबरं झालं. मळणी चाललेल्या खळ्यावरून एक कुणबी आजी ओरडली, ‘खंय वता गो बाय?’ मी बोटानं माथा दाखवला. वर कुणाचं शेत नाही, गुरं नाहीत, देवही खालीच, मग जायचं कशाला, असा चेहरा करून तिनं मला नीट न्याहाळलं. मग नातवाला हाक मारून सांगितलं, हिच्यावर लक्ष ठेव. तो कंद खणत होता. या दिवसांत इथे घरोघरी कंदच कंद. माझ्या डब्यातही रव्यात घोळवून तळलेली कंदाची कापं होती आणि तांदळाची भाकरी.

तुला वाटेल, वाघाची भीती. छे! इथली माणसं धास्तावतात ती अस्वलाला. वाघ माणसाची चाहूल लागली की सहसा बाजूला होतो. अस्वलाला नीट दिसत नाही, ते आपल्याच तंद्रीत वारूळ उकरत असतं, आणि वळणावर अचानक समोरासमोर आलात की दचकून अंगावर येतं. उपाय एकच, आवाज करत चालायचं. म्हणजे तू लिहितेस ती डोंगरातली निवांत शांतता वगैरे इथे चालत नाही. गाणी दोन वळणांत संपली, मग मी पाढे सुरू केले. एकोणतीसचा पाढा खड्या आवाजात म्हणत ऐन-किंदळाच्या रानातून चढणारी बाई बघून गवेसुद्धा वाट सोडत असतील. एकदाच थांबले. डोक्यावरून राजधनेशाची जोडी गेली, आणि पंखांचा तो फसाफस आवाज म्हणजे कॅसलरॉकचा घाट चढणारं जुनं कोळशाचं इंजिन. तिथला चढ सदतिसास एक आहे, धापा टाकाव्याच लागायच्या बिचाऱ्याला.

चढताना गार्डचा तो प्रश्न डोक्यात घोळत होता. मेसनर 20 ऑगस्ट 1980 ला एव्हरेस्टवर एकटा पोचला, ऑक्सिजनशिवाय, हे आपण कॉलेजात किती वेळा घोकलं! पण खालच्या तळावर नेना होल्गिन त्याची वाट बघत होती, हे आपल्यापैकी कुणी कधी म्हणायचंच नाही. आणि निव्वळ हौसेनं डोंगर चढणारा पहिला माणूस म्हणून ज्याचं नाव घेतात तो पेत्रार्क 1336 मध्ये व्हाँतूवर गेला तो धाकट्या भावाला आणि दोन नोकरांना घेऊन. त्या मानानं मी बरीच एकटी म्हणायची, खाली गार्ड, आजी आणि तिचा नातू धरूनही.

माथ्याचं सांगायचं तर तुझी निराशा होणार. राजगडावर कसं, बालेकिल्ल्यावर आलं की चहूकडे उघडं. आपला काळा कातळ बेळगावाच्या आसपास संपतो. इथला दगड त्याहून कितीतरी जुना, वर जांभ्याचा थर, आणि त्यावर शेंड्यापर्यंत झाडी. चढ संपला म्हणून कळतं माथा आला, एरवी दिसतं ते समोरचं खोड. तटबंदी नाही, टाकं नाही, मारुतीही नाही. पूर्वेला एक झाड उन्मळून पडलं होतं, तेवढ्या फटीतून मात्र सुप्याचं पाणी दिसलं.

ते बघत बराच वेळ बसले. त्या पाण्याखाली सुपा गाव आहे, एके काळचं तालुक्याचं ठिकाण. 101 मीटर उंचीचं धरण झालं, गाव बुडालं, कचेऱ्या जोयड्याला गेल्या आणि पुष्कळ माणसं रामनगरला. काळी उगवते याच तालुक्यात, डिग्गीला, आणि कारवारला समुद्राला मिळेपर्यंत जेमतेम 184 किलोमीटर वाहते. तेवढ्यात सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं, आणि वर कैग्याची अणुभट्टीही तिच्याच काठी. पाण्यात मधेमधे हिरवी बेटं दिसत होती. ती बेटं म्हणजे डोंगरांचे माथे, वैजू. कधी काळी सुप्याची पोरं धापा टाकत तिथे चढली असतील. आता नावेतून जाऊन कोरड्या पायानं उतरायचं. तुमच्या यादीत असे माथे धरतात का गं? नियम बघून कळव.

उतरताना पाढे पुन्हा पहिल्यापासून. खळ्यापाशी आजीनं ‘वर काय मिळालं?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, सुपा दिसला. ती काहीच बोलली नाही, पण लोटाभर ताक दिलं आणि पिशवीत दोन कंद टाकले. गार्डला फोन केला तर त्याला आजीच्या नातवानं आधीच कळवलेलं.

पुढच्या डिसेंबरात ये. पावसाळ्यात नको, जळवांनी तुझी स्कॉटिश हौस फिटेल. येताना गोचीड काढायचा तो तुमच्याकडचा बारीक चिमटा घेऊन ये, इथे मिळत नाही. आणि पाढ्यांची उजळणी करून ठेव. तिसापर्यंत.

तुझी,
शमा