मानाची जागा, सोयीची जागा

ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहर सोडले की पहिला काही काळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सॅग्वारो जातीचे उंच निवडुंग सोबत करतात. मग रस्ता चढू लागतो, निवडुंग विरळ होत जातात आणि फ्लॅगस्टाफ येईतो पाइन वृक्षांची दाट राई सुरू झालेली असते. फीनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटर उंचीवर आहे, तर ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे २१०० मीटर उंचीवर. अंतर जवळपास ३७० किलोमीटर. सकाळचा चहा वाळवंटात घेतलेला माणूस संध्याकाळी महाबळेश्वरच्या सुमारे दीडपट उंचीवर, थंड आणि कोरड्या हवेत जाऊन पोहोचतो.

गेल्या ऑक्टोबरात हा प्रवास आम्ही तिघांनी केला : माझी ७८ वर्षांची आई, फीनिक्सला राहणारा धाकटा भाऊ आणि मी. भावाने एक जुना, लहानसा ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला होता. मोटारीच्या मागे जोडून न्यायची ही चाकांवरची खोली. लांबी जेमतेम १७ फूट. पण तेवढ्यात मागच्या बाजूला कायमचा पलंग, पुढे घडी घालून अंथरूण करता येईल असे जेवणाचे टेबल, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रिज आणि एका कपाटाएवढ्या जागेत कमोड व शॉवर. गाडी चालू असताना आम्ही तिघेही मोटारीतच, पट्टे बांधून बसत होतो. ट्रेलर केवळ मुक्कामासाठी. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे आणि रक्तदाबासाठी तिला रोज गोळी लागते. हॉटेलांच्या लांबच लांब मार्गिका आणि रोजचे सामान बांधणे यांपेक्षा आपले अंथरूण, आपला चहा आणि हाताशी स्वच्छतागृह असलेली ही खोली तिला मानवेल, असा आमचा हिशेब होता. तो मुळात चुकीचा नव्हता. चूक झाली ती तपशिलांत.

डॉक्टरची तयारी

निघण्यापूर्वी माझ्या परीने मी सारे केले होते. गोळ्यांचे दोन संच, एक माझ्याजवळ आणि एक आईच्या पर्समध्ये. रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, ओआरएसची पाकिटे, औषधांच्या मूळ नावांची यादी. वाटेत दर दीड तासाला थांबून आईला पाच मिनिटे चालवले, कारण लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत ठेवून बसणे वृद्धांच्या शिरांना चांगले नाही. उंचीवर हवा विरळ असते; २१०० मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक पंचमांशाने घटतो. श्वास वाढतो, हवा कोरडी असते आणि घाम न येताही शरीरातले पाणी कमी होत राहते. म्हणून "आई, पाणी पी" हा माझा जप दिवसभर चालू होता.

दक्षिण कड्यावर ‘ट्रेलर व्हिलेज’ नावाची मुक्कामाची जागा आहे. तेथे प्रत्येक ट्रेलरला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. एल्क जातीची मोठी हरणे झाडांमधून संथपणे फिरत होती. भाऊ आणि मी बाहेर खुर्च्या टाकून बसलो. आई दारातूनच म्हणाली, "तुम्ही बसा रे, मला इथूनही छान दिसतंय." थंडीमुळे म्हणत असेल, असे मला वाटले.

झोपण्याच्या वेळी आम्ही तिला मानाची जागा दिली. मागचा पलंग, आणि त्यातही भिंतीकडची बाजू. म्हणजे पडायची भीती नाही, वारा लागायचा नाही. तिच्या शेजारी, बाहेरच्या कडेला मी. भाऊ पुढे टेबलाच्या जागी. रात्री पारा शून्याच्या जवळ उतरला. गॅसवरचा हीटर मधूनमधून घरघरत सुरू होई आणि बंद पडे. आई रात्रभर एकदाही उठली नाही. तिला गाढ झोप लागली, याचे मला समाधान वाटले.

बाकावरचे उत्तर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कड्यावरील याव्हापाई भूशास्त्र संग्रहालयाशी गेलो. समोर ४४६ किलोमीटर लांबीची आणि दीड किलोमीटरहून अधिक खोलीची ती घळ, तळाशी दोऱ्यासारखी दिसणारी कोलोरॅडो नदी. आई बाकावर बसून बराच वेळ पाहत होती. उठायला गेली आणि म्हणाली, "अगं, अंधारी आली." मी तिला धरून पुन्हा बसवले, बाकावर आडवे केले, पाय वर घेतले.

छातीत दुखत नव्हते, बोलणे स्पष्ट होते, दोन्ही हातांत सारखी ताकद होती, नाडी नियमित, साखर ठीक. आडवे असताना रक्तदाब १३४/७८ होता. काही मिनिटांनी तिला धरून उभे केले तेव्हा १०६/६६. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला आम्ही उभे राहताना होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतो. शरीरात पाणी कमी असले, त्यातच लघवी वाढवणारे औषध असलेली गोळी पोटात गेली, की वृद्धांमध्ये ही घसरण सहज होते. जीभ कोरडी होती. तासाभरात ओआरएस घोटाघोटाने पाजल्यावर तिला हुशारी आली. तशी ती आली नसती, तर मी ९११ वर फोन करून थेट मदत मागवली असती. अशा वेळी घरचा डॉक्टर सोबत आहे म्हणून थांबून राहू नये.

मी जरा रागानेच विचारले, "काल सांगत होते ना, पाणी पी म्हणून?"

"चारनंतर नाही प्यायले," आई शांतपणे म्हणाली. "प्यायले असते, तर रात्री तुला ओलांडून कशी गेले असते? दिवा लावला असता तर तो जागा झाला असता. आणि त्यानं निघतानाच सांगितलं होतं, टाकी लहान आहे, पाणी जपून वापरा."

माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते. तीस वर्षांच्या व्यवसायात कमी पाणी पिणाऱ्या कितीतरी वृद्धांना मी त्यावरून बोलले असेन. त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंतची वाट कशी आहे, हे किती जणांना विचारले होते? जी आई गाढ झोपली असे मी समजत होते, ती भिंतीला टेकून, लघवी रोखून, पहाटेची वाट पाहत पडून राहिली होती. टाकीबद्दल भाऊ बोलला होता ते वाटेतल्या प्रवासापुरते. इथे सांडपाण्याची जोडणी आहे, हे तिला सांगायचे आम्हा दोघांच्याही मनात आले नव्हते.

शेजारणीचा ट्रेलर

दुपारी आम्ही टेप घेऊन ट्रेलर मोजला. जमिनीपासून पहिली पायरी १४ इंच उंच होती. आपल्या घरातील पायरी साधारण सहा-सात इंचांची असते. संध्याकाळी आई बाहेर का आली नव्हती, तेही आता कळले. "घराला उंबरठा असावा," ती हसत म्हणाली, "कडा बघायला तर आपण बाहेर आलोच आहोत."

आमची मोजमापे शेजारच्या ट्रेलरमधील वृद्ध अमेरिकन दांपत्य पाहत होते. त्या गृहस्थांचे खुब्याचे ऑपरेशन झालेले होते. त्यांनी आपल्याजवळची ॲल्युमिनिअमची जादा पायरी काही न विचारता आणून ठेवली : रुंद, खरखरीत पृष्ठभागाची, एका बाजूला उभा कठडा असलेली. चार पायांची लांबी कमीजास्त करता येत असल्याने ती उंचसखल जागेवरही डगमगत नव्हती. १४ इंचांचा एक चढ सात-सात इंचांच्या दोन चढांत विभागला गेला. त्यांच्या पत्नीने आईला हाताला धरून आपला ट्रेलर दाखवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण दोघींनीही आपापल्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवल्यावर पुढचे सारे बोलणे सोपे झाले.

त्या लहानशा जागेत मला डॉक्टर म्हणून बरेच शिकायला मिळाले. पलंगाच्या पायथ्यापासून कमोडपर्यंत जमिनीलगत मंद पिवळे दिवे होते. हालचाल झाली की ते आपोआप लागत आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नसत. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवलेली होती. अशा कमोडला पाणी सोडण्यासाठी पायाने दाबायची खटकी असते. एका पायावर तोल सांभाळत ती दाबणे गुडघेदुखीच्या रुग्णाला धोक्याचे. त्या बाई बसूनच ती काठीच्या टोकाने दाबत. वाटेत पायपुसणे नव्हते, कारण सुटे पायपुसणे घसरते. आणि आधाराचे दांडे भिंतीच्या आतल्या चौकटीत स्क्रूने पक्के केलेले होते. ट्रेलरच्या भिंती पातळ असतात. नुसत्या पत्र्यात किंवा फळीत बसवलेला दांडा भार पडताच उखडतो. हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे तर कधी सुटतील याचा नेम नाही. त्यांच्यावर शरीराचा भार टाकू नये.

त्या रात्री आईने कडेची बाजू घेतली आणि भिंतीकडे मी गेले. पलंगाच्या कडेवर बसल्यावर तिची दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतात, हे पाहून घेतले. दुकानातून आणलेला सेलवरचा छोटा दिवा कमोडच्या दाराशी ठेवला. दांडे बसवायचे काम फीनिक्सला परतल्यावरच होणार होते; तोवर तिने एकटीने उठायचे नाही, असा करार झाला. मला हाक मारण्यासाठी तिने आपल्या पिशवीतली पूजेची छोटी घंटा उशाशी ठेवली. रात्री दोनदा ती वाजली. प्रत्येक वेळी आई आधी मिनिटभर कडेवर बसली, मग उभी राहिली. भाऊ जागा झाला नाही.

डोके दुखले तर

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बंद खोलीत गॅस जळत असेल आणि हीटरचा धूर बाहेर जाण्याचा मार्ग तुंबला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. आणि उंचीवर पहिल्या दिवशी होणारा त्रासही नेमका तसाच वाटतो. म्हणून दोन-तीन जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर उंचीला दोष देऊन गोळी घेऊन झोपू नये. सगळ्यांनी तत्काळ बाहेर पडून मदत मागावी. झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे चालू स्थितीतले यंत्र असावे, छताची खिडकी बोटभर उघडी राहावी आणि ऊब मिळावी म्हणून शेगडी कधीही पेटवू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ट्रेलरच्या फ्रिजमध्ये वेगळा तापमापक ठेवावा. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. गार पट्टीला चिकटून ते गोठले, तर निरुपयोगी होते. गॅसवर चालणारे असे बरेचसे फ्रिज ट्रेलर समतल उभा असेल तरच नीट चालतात.

सहासष्ट मीटर

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा याव्हापाईला गेलो. तेथून कड्याच्या कडेने एक फरसबंद सपाट वाट जाते. तिचे नाव ‘ट्रेल ऑफ टाइम’, काळाची वाट. तिच्यावरचा प्रत्येक मीटर म्हणजे १० लाख वर्षे. ठरावीक अंतरावर जमिनीत धातूच्या खुणा आहेत, आणि चालणारा पावलापावलाने पृथ्वीच्या भूतकाळात शिरत जातो. आईचे माहेर वाईचे. कृष्णेच्या घाटाचा काळा दगड किती जुना, असे तिने विचारले. सह्याद्रीचा तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे या वाटेवर ६६ मीटर अंतरावर.

"मग तिथपर्यंत जाऊ," आई म्हणाली.

काठी टेकत, दोनदा थांबून, दीडशेहून अधिक लहान पावलांत ती सह्याद्रीपर्यंत चालत गेली. तेथे उभी राहून तिने बाटली मागितली आणि मी न सांगता पोटभर पाणी प्यायली.

परतल्यावर ट्रेलरमध्ये दांडे बसले, रुंद पायरी आली. त्यानंतर भारतात आल्यावर दवाखान्यात माझा एक प्रश्न बदलला आहे. "पाणी का पीत नाही?" असे मी आता विचारत नाही. "रात्री उठून कसे जाता?" असे विचारते. उत्तरात बहुतेक वेळा एखादा न लागणारा दिवा, उंच उंबरठा, नाहीतर वाटेत झोपलेले कुणीतरी निघते.

प्रवासाला निघण्यापूर्वी एवढे पाहा

• ट्रेलर असो, टेम्पो ट्रॅव्हलर असो की धर्मशाळेतील खोली, पहिल्या पायरीची उंची मोजा. सात-आठ इंचांहून अधिक असेल, तर रुंद, न डगमगणारी जादा पायरी सोबत घ्या.

• वृद्ध व्यक्तीला पलंगाची कडेची, स्वच्छतागृहाजवळची बाजू द्या. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला टेकली पाहिजेत.

• ती वाट अंधारात एकदा स्वतः चालून पाहा. मंद दिवा लावा, सुटी पायपुसणी काढा.

• पाणी दिवसभर थोडे थोडे द्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास ती पाळा.

• लघवी वाढवणाऱ्या औषधाची वेळ किंवा मात्रा मनाने बदलू नका. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला.

• उठताना आधी मिनिटभर बसा, मग उभे राहा.

• "मला काही नको" या उत्तरावर विसंबू नका. काय अडते आहे, ते विचारा.