झोत

आमच्या डोलवीच्या माणसाला वारा कुणी शिकवावा लागत नाही. दुपारी धरमतरच्या खाडीवरून खारा वारा येतो आणि दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन टाकतो. तारे मात्र बेताचेच दिसतात, कारण रात्री पोलादाच्या कारखान्याच्या उजेडाने आभाळ तांबूस होते. अशा गावातल्या माझ्या भाचीने पुण्याला जाऊन खगोलशास्त्र शिकावे, हे तिच्या वडिलांना पटलेले नव्हते. आमचे मेहुणे झोतभट्टीवर वीस वर्षे काढलेले गृहस्थ. “आकाशातल्या वाऱ्यावर पोट भरते का?” हा त्यांचा ठरलेला सवाल.

गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी मीच विषय काढला. भाची सांगू लागली. दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या कुटुंबाच्या, मध्यभागी कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर असते. त्यात पडणारा वायू आधी गरगर फिरतो, तापतो, आणि त्या प्रखर उजेडाच्या रेट्याने काही वायू उलट बाहेर फेकला जातो. हा वारा सेकंदाला हजारो किलोमीटर धावतो. ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते. तिथे घन सेंटिमीटरमागे सरासरी एखादा अणू असतो. त्यातले गार, दाट ढग म्हणजे नव्या ताऱ्यांची बाळंतिणीची खोली! वारा तिथे शिरला की वायू तापतो, उधळतो, आणि तापलेला वायू आकसून तारा होत नाही. मार्केरियन 231 या दीर्घिकेतून दर वर्षी सुमारे 700 सूर्यांइतका वायू बाहेर चालला आहे, असे 2010 साली प्रसिद्ध झाले. त्या हिशेबाने तिची शिदोरी कोटभर वर्षांत संपायची.

मेहुण्यांचा लाडू हातातच राहिला. “म्हणजे वाऱ्याने भट्टी विझते?”

“नेहमीच नाही, बाबा. कुठे ढग दाबले जाऊन नवे तारे पेटतातही.”

मला आईची फुंकणी आठवली. तिच्या फुंकरीने चूल पेटायची; तीच फुंकर पणतीला पुरे पडायची.

“काही दीर्घिकांतून अरुंद झोतही निघतात,” भाची म्हणाली. पुण्याच्या आयुकातले दीपांजन मुखर्जी आणि त्यांचे सहकारी ते संगणकावर घडवून पाहतात. झोत ढगांमधल्या फटींतून वाट काढतो. जोरकस झोत लवकर आरपार निघून जातो. बेताचा मात्र आत अडकतो आणि आसपासचा वायू जास्त काळ घुसळत राहतो.

मेहुणे ताडकन म्हणाले, “आमच्याकडेही तेच! खालून गरम हवा सोडली आणि तिला कोक-खनिजाच्या थरात एकच वाट सापडली, तर ती तिथूनच पळते. बाकीचा माल कच्चा राहतो. हवा पसरून चढली पाहिजे.”

भाचीने वही आणली. बहीण दोनदा जेवायला हाक मारून गेली. बापलेकींपैकी कुणी उठले नाही. तुमचे ढग कुठे दाट, कुठे विरळ, हे कळते कसे, असे मेहुण्यांनी विचारले. तिने जुन्नर तालुक्यातल्या खोडदचे नाव घेतले. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिला झोत दिसतात आणि त्यांच्या वाटेत आलेल्या हायड्रोजनची छायाही टिपता येते.

“खोडदला पेणहून एस.टी. आहे का रे?” मेहुण्यांनी मला विचारले.