कांद्याचा वास



माझ्या नणंदेचा नातू अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकतो. इंडियाना राज्यातलं हे सरकारी विद्यापीठ, १८६९ सालचं. १८६२ मध्ये तिकडच्या सरकारने कायदा करून प्रत्येक राज्याला जमिनी दिल्या आणि त्या विकून शेती-यंत्रांचं शिक्षण देणारी कॉलेजं काढायला सांगितलं, त्यातलंच हे एक. आज तिथे पन्नास हजारांवर मुलं शिकतात. आमचा नातू तिथल्या मेसमध्ये आठवड्याला ठरावीक तास ताटं उचलतो, भांडी घासतो. नणंद हे भिशीत इतक्या कौतुकाने सांगते की विचारू नका. "तिकडे कामाची लाज नसते गं!"

आणि त्याच महिन्यात माझ्या घरी भांडण झालं. माझी नात साताऱ्याला यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बी. एस्सी. करते. यंदा अवकाळीने तासगावकडची द्राक्षबाग गेली. तिने घरी न विचारता 'कमवा आणि शिका' योजनेत नाव दिलं. बागकाम, लायब्ररी, मेस, जिथे पाळी येईल तिथे. मुलगा भडकला. "आई, लोक म्हणतील, पाटलांच्या पोरीला खुरपं धरायची वेळ आली." भांडी तीच, पण अमेरिकेतली घासली की स्वावलंबन आणि साताऱ्यातली घासली की वेळ आली!

नातीचं कॉलेज आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहे. २०२१ मध्ये रयतच्या साताऱ्यातल्या तीन कॉलेजांचं मिळून राज्य सरकारने हे समूह विद्यापीठ केलं. बाकीची दोन म्हणजे छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज. गाडगीळ कॉलेज माझं. माझं माहेर साताऱ्याचं, मी तिथेच बी. कॉम. झाले, पण सर्टिफिकेट कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. तेव्हा सातारा, सांगली, कोल्हापूर सगळं त्याच्याच हाताखाली. आता पदवी साताऱ्याचीच मिळणार.

भाऊराव आपलेच, हे आपण जयंतीला आवर्जून सांगतो. जन्म कुंभोजचा, १८८७ चा, मूळ गाव आपल्या वाळव्यातलं ऐतवडे बुद्रुक. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू केली, पुढे साताऱ्यात बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघालं, तिथे गरिबाच्या मुलाने काम करावं आणि शिकावं. आज रयतच्या शाखा सातशेच्या वर आहेत. एवढं सगळ्यांना पाठ असतं.

माझं मन मात्र लक्ष्मीबाईंपाशी थांबतं. सोवळ्याओवळ्याच्या जैन घरातली बाई. बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला बसायची, आणि ही त्यांना रांधून वाढायची. धान्य संपलं तसे अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या, कॉलेज काही त्यांनी पाहिलं नाही. आहारदान आणि ज्ञानदान आपण प्रवचनात वेगवेगळं ऐकतो, त्यांच्या चुलीवर ते एकच होतं. त्या पहिल्या दिवशी पंक्तीत वाढताना त्यांचा हात अडखळला असेल का, हे मला फार वेळा वाटतं. कारण माझा अडखळला होता.

कॉलेजात माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करून वर्गात यायची. हुशार इतकी की कॉस्टिंगची गणितं मला तीच समजावायची. तिच्या हाताला कांद्या-लसणाचा वास यायचा. एक दिवस मी बाक बदलला. मैत्रिणींना सांगितलं, आमच्यात कंदमुळं चालत नाहीत, वास सहन होत नाही. सगळ्यांना पटलं, धर्माचं कारण कोण खोडणार? पण अहो, घरी आमच्या शेतगड्यांचे डबे मीच उचलून ठेवायची, तेव्हा कांद्याचा वास कधी नडला नव्हता. तिने मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती एका बाजूला सरकून बसली, बाकावर माझी जागा मोकळी ठेवून. मी गेले नाही.

हे मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेसमध्ये पाळी आली तर कांदे चिरावे लागतील तिला." म्हटलं, चिरू दे. खायचा नाही हा आपला नेम आहे, दुसऱ्याला चिरून द्यायचा की नाही ते तिचं ती ठरवेल. सूनबाई तेवढ्यात म्हणाली, "आणि हातमोजे नका पाठवू आता!" तेव्हा कुठे घरात हसू आलं.

क्षमावाणीला मी दरवर्षी सगळ्यांना फोन करते, जावेला, विहिणीला, वाणसामानवाल्यालासुद्धा. त्या मुलीचं आडनाव आठवतं, गाव आठवतं, नंबर नाही. लग्नानंतर आडनावही बदललं असेल. परवा नातीला म्हटलं, गाडगीळ कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बघ, जुनी रजिस्टरं ठेवलीत का. १९८१ ची बॅच.