फांदीचं वय



लहानपणी वहीत ‘विद्येचं पान’ तुम्हीही ठेवलं असेल. ते मोरपंखीचं. चीड-देवदारासारखंच हे सूचिपर्णी झाड, पण आपल्या मराठवाड्याच्या उन्हातही टिकतं.

लातूर जिल्ह्यातल्या माझ्या आधीच्या शाळेत फाटकाजवळ अशी एक जुनी मोरपंखी होती. रस्त्याच्या कामात ती जाणार होती. नांदेडला बदली झाल्यावर मी सहावीच्या मुलांना शब्द दिला, “ते झाड आपण इथे जगवू.” पावसाळ्यात वीतभर फांद्या आणून वाळूत लावल्या. दोन महिन्यांत सगळ्या तपकिरी झाल्या. पाण्याची पाळी असलेल्या दोघांना मी वर्गासमोर रागावलो. त्यातला एक हळूच म्हणाला, “सर, पाणी रोज घातलं होतं.”

ते वाक्य डोक्यातून जाईना. सुदैवाने रस्त्याचं काम लांबलं. पुढच्या पावसाळ्यात दोन वाफे केले. एकात त्या जुन्या झाडाच्या फांद्या, दुसऱ्यात रोपवाटिकेतल्या दोन-तीन वर्षांच्या रोपांच्या. वाळू, सावली, पाणी सगळं सारखं. पाळीही त्याच दोघांची. तीन महिन्यांनी उपटून पाहिलं, तर कोवळ्या रोपांच्या निम्म्याहून जास्त फांद्यांना मुळं होती. जुन्याच्या एकाच फांदीला, तीही एक बारीकशी.

कारण असं की झाडाचं वय फांदीसोबत येतं. कापलेल्या जागेच्या पेशींना मुळाच्या पेशी व्हावं लागतं. झाड वयात आलं की ही क्षमता घटते. शेंड्याची फांदी नवी दिसली तरी वागते प्रौढासारखी. बुंध्याजवळची फूट जास्त ‘लहान’ असते. म्हणून निलगिरीची कलमी रोपं करताना झाड तोडून बुंध्याला आलेली फूट घेतात. मुळं फुटण्याची पावडर मदत करते, पण वय पुसत नाही. वडाचं उदाहरण इथे चालत नाही. त्याच्या जाड फांदीलाही मुळं सहज फुटतात.

मी त्या दोघांची वर्गासमोरच माफी मागितली.

शब्द मात्र बाकी होता. हिवाळ्यात जुन्या झाडाची शिंगांची फळं तपकिरी होऊन उकलली. मुलांनी बिया पेरल्या. बी पुन्हा बालपणापासून सुरू होतं. रोपं हुबेहूब आईसारखी नसतील, पण तिचीच आहेत. आज ती गुडघ्याएवढी झालीत.

तुमच्या शाळेतही दोन वाफे करून बघा. फक्त फांदी घेण्याआधी मुलांना विचारा, “या झाडाचं वय किती असेल?”