मरणाऱ्यास दिलेला शब्द

पितृआज्ञा पाळणाऱ्या पुत्रांच्या कथा आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. ती मोडणाऱ्यांपैकीं आपण आदरानें नांव घेतों तें बहुधा एकट्या प्रल्हादाचें, आणि त्याच्या पाठीशीं तर साक्षात् नारायण उभा होता. ज्याच्या पाठीशीं कोणीच नाहीं अशा एका पंधरा वर्षांच्या पोराची गोष्ट सांगणारा एक बेल्जियन बोलपट नुकताच आमच्या पाहण्यांत आला. 'ला प्रोमेस', म्हणजे 'वचन', हें त्याचें नांव. झां-प्येर व ल्युक दार्देन या बंधूंनीं तो १९९६ सालीं काढला. भांडवल बेताचें, पार्श्वसंगीत मुळींच नाहीं, आणि छायायंत्र पात्रांच्या मानेशीं इतकें लगटून चालतें कीं वडील मंडळींच्या डोळ्यांना प्रथम प्रथम त्रासच होतो.

स्थळ आहे ल्येज शहराजवळचें, म्यूज नदीच्या कांठचें सेरें गांव. १८१७ सालीं जॉन कॉकरिल यानें तेथें लोखंडाचा कारखाना काढला, त्यावर गांव पोसलें; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो धंदा खालावला. अशा उतरत्या कळेच्या गांवांत रोजे नांवाचा गृहस्थ एक चमत्कारिक व्यापार चालवितो. परवान्यावांचून देशांत शिरलेल्या परदेशीयांना तो खोल्या भाड्यानें देतो, त्यांना खोटे कागद मिळवून देतो, आणि त्यांच्याकडूनच स्वतःचें घर बांधून घेतो. घरमालक तोच, धनी तोच आणि कारकूनहि तोच! ज्याच्यापाशीं कागद नाहीं त्यानें तक्रार करावी कोठें? चौकीवर जावें तर प्रथम आपलीच हद्दपारी. रोजेला कोणावर हातहि उगारावा लागत नाहीं. भीति त्याचें काम बिनपगारी करते. मुलगा इगोर हा त्याचा उजवा हात. भाडें वसूल करण्यांत, थापा मारण्यांत तो पटाईत आहे, आणि बापावर त्याचा जीव आहे.

एके दिवशीं मजुरांचे तपासनीस येतात. पळापळ होते आणि बुर्किना फासोहून आलेला हामिदू परांचीवरून खालीं कोसळतो. त्याची बायको आसिता तान्ह्या मुलाला घेऊन नुकतीच येऊन पोहोंचलेली असते. "माझ्या बायकोमुलाला सांभाळ," एवढेंच तो इगोरला सांगतो आणि पोरगा होकार देतो. रक्त थांबावें म्हणून तो जखमी पायाला पट्टा आवळून बांधतो. मग बाप येतो. इस्पितळांत न्यावें तर प्रश्न विचारले जातील. म्हणून तो तो पट्टा सोडून टाकतो. पुढें हामिदूला त्या घराच्याच आवारांत सिमेंटखालीं पुरतात, आणि त्या कामाला मुलाचेहि हात लागतात.

यापुढील भाग आम्हांस विशेष वाटला. आसिता नवऱ्याची वाट पाहत राहते. त्याला जुगाराचें देणें झालें होतें, म्हणून तो पळाला, असें रोजे तिला सांगतो. ती रडत नाहीं, हलतहि नाहीं. आणि तिचें हें न हलणेंच त्याला असह्य होतें. नवऱ्याच्या नांवाची खोटी तार करवून तिला कोलोनला न्यावी आणि तेथें विकावी, असा त्याचा डाव असतो. तेव्हां इगोर गाडीसकट तिला घेऊन पळतो. मूल तापानें फणफणतें. इस्पितळांत झाडलोट करणारी एक आफ्रिकन बाई धांवून येते, आणि इटलींतील आप्तांकडे जाण्यासाठीं आसिताला आपलें स्वतःचें ओळखपत्र देते. कायद्याच्या लेखीं रोजेचे खोटे कागद आणि या बाईचें हें देणें एकाच सदरांत पडतील! आम्ही त्यांना एका सदरांत घालूं शकलों नाहीं.

आमच्या घरीं वाद झाला तो मात्र निराळ्याच प्रसंगावरून. मागावर आलेल्या बापाच्या पायाला इगोर साखळी अडकवितो. "कांहीं झालें तरी तो जन्मदाता," असें आमच्या वडील बंधूंचें मत. घरांतील मुली त्यांच्याशीं तावातावानें भांडल्या. आम्हांस स्वतःस साखळीपेक्षां रोजेच्या तोंडचें बोलणें अधिक झोंबलें. तो राक्षसासारखा गरजत नाहीं. कळवळून म्हणतो कीं हें घर, हें सारें तुझ्याचसाठीं केलें. हें वाक्य एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणास अपरिचित आहे? पुष्कळदां तें खरेंहि असतें. रोजेच्या तोंडींहि तें खोटें नाहीं, आणि म्हणूनच त्या पोराचे हात थरथरतात. आपणांसाठीं उभारलेल्या घराखालीं काय पुरलें आहे हें ठाऊक असणाऱ्यानें त्या घराचा वारसा कसा घ्यावा, या प्रश्नाला वडील बंधूंपाशींहि उत्तर नव्हतें.

शेवटीं स्टेशन येतें. आसिता आतां गाडींत बसून निघून जाणार. इगोर गप्प राहिला तर वचन पाळल्यासारखें होईल आणि बापहि सुटेल. पायऱ्यांवर तिच्या पाठीमागें उभें राहून तो खरें काय तें सांगून टाकतो. ती वळते, क्षणभर त्याच्याकडे पाहते आणि गाडीकडे न जातां परत फिरते. तोहि तिच्याबरोबर चालूं लागतो. पोलिस आले कीं नाहीं, बापाला काय शिक्षा झाली, यांतील एक अक्षरहि दार्देन बंधु सांगत नाहींत.